नऊ जागांचा सालदार

या वेळच्या पत्रांत क्रिकेट आणि कबड्डी मागे पडली, बेसबॉल पुढे आला. आपल्या जळगाव-धुळ्याकडे पोरं-पोरी सॉफ्टबॉल खेळतातच, तेव्हा बेसबॉलबद्दल कुतूहल असणार. म्हणून ही पानं त्यालाच दिली. कबड्डीवाल्यांनी रागावू नये, त्यांची पत्रं जपून ठेवली आहेत.

प्रश्न : नमस्कार सर. मी अकरावीत शिकतो. मोबाईलवर आग्नेय आशियातल्या दोन देशांचा बेसबॉलचा सामना पाहत होतो. त्यातला एकच खेळाडू आधी शॉर्टस्टॉपला होता, मग पिचिंगला आला आणि शेवटी तोंडाला जाळी लावून कॅचर म्हणून बसला. हे नियमात बसतं का? की त्यांच्याकडे माणसंच नव्हती?
– एक विद्यार्थी, पाचोरा

उत्तर : दोन्ही खरं. नियमात बसतं, आणि माणसंही कमी असतात.

पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे बसून तो झेलणारा, शॉर्टस्टॉप किंवा शॉर्ट म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला. बेसच्या आसपासचा भाग इन्फिल्ड, त्यामागचा आउटफिल्ड. आता नियम समजून घे. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर बसवलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा आत येत नाही. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येता येतं, इथे ती सोय नाही. पण आत असलेले नऊ जण आपसांत जागा बदलू शकतात. शॉर्टवाला पिचिंगला, पिचर पहिल्या बेसला, पहिल्या बेसवाला आउटफिल्डला. पंचाला सांगायचं आणि बदलायचं. पिचरने एकाच इनिंगमध्ये किती वेळा इकडून तिकडे जावं यावर तेवढं बंधन आहे.

आता मॅनेजरच्या जागी बसून बघ. नऊ इनिंगांच्या सामन्यात सहाव्या इनिंगला पिचरचा हात गळाला. बाकावरचा दुसरा पिचर आणला तर पहिला कायमचा गेला आणि बाकही एका माणसाने रिकामा झाला. तेच शॉर्टवाल्याला पिचिंग येत असेल तर त्याला मधे घ्यायचं, आधीच्याला एखाद्या बेसवर उभं करायचं, बाक शाबूत. अर्थात यात एक मेख आहे. हल्ली बहुतेक मोठ्या स्पर्धांत पिचरच्या ऐवजी दुसराच एक जण बॅटिंग करतो, त्याला डेझिग्नेटेड हिटर किंवा नुसतं डीएच म्हणतात. मैदानातला खेळाडू पिचिंगला आला किंवा पिचर दुसऱ्या जागेवर गेला, की डीएचची सोय तिथेच संपते. म्हणजे तू ज्याचं कौतुक केलंस त्याला पिचिंगला आणताना, डीएच लावलेला असेल तर, मॅनेजरने एक बॅटर सोडून दिला असणार. हा सौदा नेहमी फायद्याचा असतोच असं नाही.

आता माणसं. आग्नेय आशियात या खेळाला मूळच नाही असं समजू नकोस. अमेरिकी राजवटीत फिलिपिन्सला बेसबॉल पोचला आणि १९५४ मध्ये मनिलात झालेली पहिली आशियाई बेसबॉल स्पर्धा फिलिपिन्सनेच जिंकली. जपान, कोरिया, तैवान मागे राहिले होते, आज सांगून खरं वाटत नाही. पुढे त्या देशाला बास्केटबॉलने वेड लावलं आणि बेसबॉलची पोरं आटली. तरी आग्नेय आशियाई देशांच्या सी गेम्स स्पर्धेत २००५, २०११ आणि २०१९ ची सुवर्णपदकं त्यांचीच. मधलं २००७ चं थायलंडने घरच्या मैदानावर नेलं.

थायलंडचा एक किस्सा तर छानच. जॉनी डेमन हा अमेरिकेतला नामांकित आउटफिल्डर. २००४ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सकडून आणि २००९ मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथल्या मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकलेली. त्याची आई थाई. २०१२ च्या नोव्हेंबरात वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेची पात्रता फेरी तैवानमध्ये झाली, तेव्हा वयाच्या ३९ व्या वर्षी हा गडी आईच्या देशाचा शर्ट घालून उतरला.

लाओसची गोष्ट याच्या उलट. तिथे कोणी नावाजलेला नातेवाईक नव्हता. ली मान-सू नावाचे कोरियाचे जुने दिग्गज, १९८२ साली कोरियन व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा तिच्यातला पहिला होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) त्यांनी मारला, ते २०१४ मध्ये तिकडे गेले आणि शून्यातून संघ उभा केला. स्वतः कॅचर. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत लाओस पहिल्यांदा उतरला आणि प्राथमिक फेरीतच थायलंड आणि श्रीलंका दोघांकडून हरून परतला. पुढच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, सिंगापूरला ८-७ ने हरवून पहिला विजय मिळवला.

आता अशा देशात मोठ्या पातळीचं पिचिंग करू शकणारे किती जण असतील? जपानच्या संघात बहुतेक पिचर फक्त पिचिंगच करतात. लहान संघाला तशी चैन परवडत नाही. स्पर्धेत लागोपाठ दिवसांत सामने, पिचरला विश्रांती हवीच, आणि यादी चोवीसच्या आसपास. मग शॉर्टवाला पिचिंग शिकतो, पिचर आउटफिल्ड शिकतो, आणि कॅचरला लागलं तर कोण बसणार हे आदल्या रात्रीच ठरलेलं असतं.

तू पाहिलेल्या बदलात किती कष्ट आहेत तेही सांगतो, कारण मोबाईलच्या पडद्यावर ते दिसत नाहीत. शॉर्टस्टॉपचा ग्लोव्ह लहान असतो, साधारण साडेअकरा इंची, खिसा उथळ. चेंडू आत रुतायला नको, उजव्या हाताच्या बोटांना लगेच सापडायला हवा. कॅचरचा मिट जाड गादीचा, त्यात बोटं सुटी नसतात. तो मिट कॅचरशिवाय कोणी घालायचा नाही असा नियमच आहे, तसाच पहिल्या बेसचा मिट फक्त पहिल्या बेसवाल्याचा. पायाला लेग गार्ड, छातीला पॅड, तोंडाला जाळी चढवून उकिडवं बसायचं. शॉर्टवर चवड्यांवर तोललेले पाय आता दुमडून बसतात, आणि दोन-चार बॅटर होईपर्यंत मांड्या पेटतात. थ्रोसुद्धा बदलतो. शॉर्टवरून पळता पळता कडेने फेकलं तरी चालतं, बेसमनच्या हातात गेलं म्हणजे झालं. पिचरला १८.४४ मीटरवरून तोच हात हजारदा एकाच वाटेने आणायचा असतो. कॅचरने उकिडव्या बैठकीतून उठून कानाजवळून आखूड ओढीत फेकायचं, आणि होमपासून, म्हणजे बॅटर उभा असतो तिथून, दुसरा बेस जवळजवळ ३९ मीटर. तीन जागा म्हणजे एकाच खांद्याच्या तीन वेगळ्या सवयी.

स्कोअरशीटवर जागांना आकडे असतात. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्ट ६, मग आउटफिल्डचे डावीकडून ७, ८, ९. तुझ्या गड्याच्या नावापुढे त्या दिवशी ६-१-२ लिहिलं गेलं असणार. एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागा खेळल्याचीही नोंद आहे. ८ सप्टेंबर १९६५ ला कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सच्या बर्ट कँपानेरिसने दर इनिंगला एक अशा नऊही जागा केल्या, अमेरिकन मेजर लीगमध्ये तो पहिला. नवव्या इनिंगला कॅचर म्हणून बसला आणि होमवर धावत आलेल्या खेळाडूची धडक बसून जखमी झाला, बाहेर जावं लागलं. पण तो गर्दी खेचायला केलेला तमाशा होता. लाओस-थायलंडचा पोरगा हौसेने करत नाही. आपल्याकडे आखाजीला सालदार ठरतो, तो औतही धरतो, रातपाळीला पाणीही भरतो, ढोरंही सांभाळतो आणि राखणीलाही जातो. लहान संघातला असा खेळाडू तसाच. त्याच्यावाचून घर चालत नाही, आणि पदक वाटताना फोटोत तो कडेला उभा असतो.

प्रश्न : ऑलिंपिकमध्ये बेसबॉल आहे की नाही? कधी असतो, कधी नसतो. आमच्या मित्रमंडळात पैज लागली आहे.
– निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : पैज दोघेही जिंकलात. १९९२ च्या बार्सिलोनापासून २००८ च्या बीजिंगपर्यंत पदकाचा खेळ होता, मग काढला. टोकियोला परत आणला, जपानने घरच्या घरी सुवर्ण घेतलं. २०२४ ला पॅरिसने पुन्हा वगळला. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये आहे, पण फक्त सहा संघ. आग्नेय आशियातला एकही संघ आजवर तिथवर पोचलेला नाही. पैजेची शेवभाजी निम्मी निम्मी वाटून घ्या.

प्रश्न : सर, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, शाळेच्या बेसबॉल संघात आहे. त्याचे सर त्याला कुठेही उभं करतात. कधी पिचर, कधी कॅचर, परवा तर आउटफिल्डला. सगळे म्हणतात पोरगा हुशार आहे. पण आमची आई घरी म्हणते, 'पोऱ्या समदं करस, पन त्यानी जागा कोठे शे?' आता जिल्हा निवड चाचणीचा फॉर्म भरायचा आहे, त्यात पोझिशन लिहायची आहे. काय लिहू? आणि हे असं सगळीकडे खेळवणं बरोबर आहे का?
– एक शेतकरी पालक, रावेर

उत्तर : भाऊ, तुमच्या आईंनी जे विचारलं तेच निवड समितीचा माणूस विचारतो, फक्त अहिराणीत नाही.

तेराव्या वर्षी मुलाने चार जागा खेळाव्यात, याच्या मी पूर्ण बाजूचा आहे. ज्याला लहानपणी एकाच जागी खिळवलं त्याचे पाय तिथेच राहतात. उंची अजून वाढायची आहे, खांदा भरायचा आहे. आज शॉर्टला शोभणारा मुलगा सोळाव्या वर्षी अंगाने थोराड झाला तर पहिल्या बेसला जाईल, आणि आज पिचिंगला चमकणारा हात दोन वर्षांत मागे पडू शकतो. मोठ्या पातळीवरही अशा खेळाडूला आता मान मिळतो. बेन झोब्रिस्ट नावाचा अमेरिकन खेळाडू आयुष्यभर इन्फिल्ड-आउटफिल्ड असा फिरत राहिला आणि २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२२ पासून तिथल्या गोल्ड ग्लोव्ह या क्षेत्ररक्षणाच्या पुरस्कारात बहुजागी खेळाडूंसाठी वेगळा मान ठेवला आहे.

पण एक जोड मला चालत नाही. एकाच दिवशी पिचिंग आणि कॅचिंग.

आपल्याकडच्या स्पर्धा तुम्ही पाहिल्या असतील. दोन दिवसांत सगळं उरकायचं असतं, दिवसाला दोन-दोन सामने. सकाळी नऊला पोरगा पिचिंग करतो, संघ जिंकतो, सर खूश. दुपारी तीनला कॅचर आजारी, म्हणून त्यालाच मिट देतात. लोकांना वाटतं कॅचर नुसता बसून झेलतो. अहो, पिचरने टाकलेला बहुतेक प्रत्येक चेंडू कॅचर परत फेकतो, वर बेसवरचे थ्रो वेगळे. म्हणजे त्या दिवशी त्या कोवळ्या कोपराने दुप्पट काम केलं. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी जिथे वाढ होत असते ती जागा मऊ असते, ओढ तिथेच बसते. मग पोरगा रात्री ताटावर बसला की डाव्या हाताने भाकरी मोडायला लागतो आणि घरच्यांना वाटतं लाडात आला.

अमेरिकेत मुलांच्या लिटल लीगमध्ये यावर सरळ नियम आहे. ज्याने ४१ किंवा जास्त पिच, म्हणजे बॅटरकडे चेंडू, टाकले त्याने त्या दिवशी कॅचर व्हायचं नाही, आणि ज्याने चार इनिंग कॅचिंग केलं त्याने त्या दिवशी पिचिंग करायचं नाही. मेजर लीग आणि तिथली संघटना यूएसए बेसबॉल यांनी मिळून पिच स्मार्ट नावाचे आकडे ठरवले आहेत. १३-१४ वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच. त्यातही ६६ किंवा जास्त झाले तर चार दिवस पिचिंग बंद, ५१ ते ६५ ला तीन दिवस, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. वीसपर्यंत असतील तर दुसऱ्या दिवशी चालतं. आपल्या दोन दिवसांच्या स्पर्धेत हे आकडे लावले तर एका मुलाने एकच मोठा सामना टाकायचा, एवढाच अर्थ निघतो. संघात दुसरा पिचर तयार करणं ही सरांची जबाबदारी, तुमच्या मुलाच्या खांद्याची नाही.

यावर कोच लोक माझ्यावर चिडतात. "सर, पोरंच अकरा आहेत, करू काय?" मीही आयुष्यभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकली, अकरा पोरांचा संघ काय असतो ते मला माहीत आहे. तरीही सांगतो, पिचरला दुपारी आउटफिल्डला उभा करा, पहिल्या बेसला करा. कॅचरला करू नका. तुम्ही पालक म्हणून एक करा. कापसाच्या हिशेबाची वही असते ना, तिच्या मागच्या पानावर तारीख, पिच किती, कॅचिंग किती इनिंग, एवढं लिहायला लागा. सामन्याला गेलात तर स्वतः मोजा, नाही तर स्कोअररला विचारा. सरांशी भांडायला जाण्याआधी ते पान दाखवा. आकडा समोर असला की माणूस आवाज चढवत नाही.

आता फॉर्म. 'ऑल-राउंडर' लिहू नका. क्रिकेटमध्ये तो शब्द वजनदार आहे, इथे निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. नऊ जागा सारख्या अवघड नसतात. बिल जेम्स या अमेरिकन आकडेतज्ज्ञाने क्षेत्ररक्षणाच्या जागा सोप्याकडून अवघडाकडे अशा मांडून दाखवल्या, त्यात पहिला बेस सोप्या टोकाला आणि शॉर्टस्टॉप अवघड टोकाला येतो. जो शॉर्ट नीट खेळतो त्याला दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर न्यायला फार कष्ट पडत नाहीत. पहिल्या बेसवाल्याला शॉर्टला आणायचं म्हणजे नव्याने शिकवणं. म्हणून तुमचा मुलगा ज्या अवघड जागा खेळतो त्यातली जी त्याला सगळ्यात चांगली जमते ती पहिली लिहा, आणि त्यापुढे स्वल्पविराम देऊन दुसरी. शॉर्टस्टॉप, पिचर. किंवा कॅचर, तिसरा बेस. दोनच. बाकीच्या जागा चाचणीच्या दिवशी मैदानावर दिसतील.

मुलगा डावखुरा आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. डाव्या हाताने फेकणारा असेल तर हिशेब बदलतो. शॉर्ट, दुसरा, तिसरा बेस इथून पहिल्या बेसकडे फेकताना त्याला आधी अंग फिरवावं लागतं, तेवढ्यात धावणारा पोचतो. कॅचिंगलाही डावखुरे क्वचितच बसवतात. त्याच्यासाठी पिचर, पहिला बेस आणि आउटफिल्ड. पहिल्या बेसला तर डावखुरा असणं सोयीचंच, ग्लोव्ह उजव्या हातात म्हणजे मैदानाकडे येतो आणि दुसऱ्या बेसकडे फेकायला वळावं लागत नाही.

आणि आईंना सांगा, जागा सापडेल. सोळाव्या वर्षापर्यंत सापडली तरी उशीर झाला असं होत नाही.

प्रश्न : मी सॉफ्टबॉलमध्ये विद्यापीठ संघात शॉर्टला खेळते. मुलींसाठी बेसबॉल असतो का? त्यात गेले तर सॉफ्टबॉल बिघडेल का?
– एक खेळाडू, धुळे

उत्तर : असतो. २०१७ च्या महिला बेसबॉल आशियाई चषकात भारताचा संघ खेळला होता, हाँगकाँगला. सॉफ्टबॉलमधून आलेल्या मुलींचे हात या खेळात लवकर बसतात. बिघडण्यापेक्षा तुला अंतराचा धक्का बसेल. सॉफ्टबॉलचे बेस ६० फुटांवर, बेसबॉलचे ९०. शॉर्टवरून पहिल्या बेसचा थ्रो एकदम लांबतो, पण धावणारीलाही जास्त पळायचं असतं, म्हणून उचलायला थोडी फुरसत मिळते. ती वापर, घाई करू नकोस. चेंडू लहान, नऊ-सव्वानऊ इंच घेराचा, आपल्या बारा इंचीच्या सवयीने पकडायला गेलीस की बोटांतून सटकतो. बॅटिंगला पिच वरून खाली येतो, सॉफ्टबॉलमध्ये खालून येतो, तेव्हा पहिले काही दिवस बॅट चुकेल. त्याला घाबरायचं नाही. दोन्ही खेळ एकाच आठवड्यात मात्र खेळू नकोस. स्पर्धा संपू दे, मग बदल.

प्रश्न : मुलगी तीन जागा खेळते. तीन ग्लोव्ह घ्यावे लागतील का? इथे दुकानात फक्त सॉफ्टबॉलचे मिळतात आणि तेही दगडासारखे कडक.
– एक आई, नंदुरबार

उत्तर : ताई, तीन कशाला? बारा इंची एक साधा चामडी ग्लोव्ह घ्या, इन्फिल्ड आणि आउटफिल्ड दोन्हीकडे निभतो. कॅचिंग करत असेल तर मिट शाळेने घ्यायचा असतो, लेग गार्ड आणि जाळीसारखाच, तो संघाचा सामायिक सामान आहे. मागून घ्या. मेरठ-जालंधरचा माल आपल्याकडे येतो, दुकानदाराला आठवडा आधी सांगितलं तर आणून देतो. घेताना मुलगी कुठल्या हाताने फेकते ते सांगा, कुठल्या हातात घालते ते नको, नाही तर उलटा ग्लोव्ह येईल आणि परत घेताना दुकानदार कटकट करेल. कडकपणा घालवायला तेलात बुडवू नका, जड होतो. तळव्याला आणि बोटांच्या सांध्यांना बोटभर तेल चोळा, मधे चेंडू ठेवून सुतळीने घट्ट बांधा, रात्रभर राहू द्या. मग रोज भिंतीवर चेंडू मारून झेलायचा, त्यानेच खरा मऊ होतो. पावसात भिजला तर सावलीत वाळवा. गच्चीवर आपल्याकडच्या उन्हात टाकला तर चामडं तडकतं आणि दोरी पहिल्याच सामन्यात तुटते.